लेकराला ऑटिझम आहे, मग एडीएचडीची तपासणी वेगळी कशाला?

ऑटिझम असलेलं लेकरू वर्गात एका जागी बसत नाही, मध्येच उठून पळतं, सांगितलेलं काम अर्धवट सोडतं. अशा वेळी घरात, शाळेत, नातेवाइकांत सगळीकडे एकच उत्तर मिळतं, ‘त्याला ऑटिझम आहे ना, मग असंच असणार.’ हे उत्तर कधी बरोबर असतं, कधी अपुरं असतं. काही लेकरांना ऑटिझमसोबत एडीएचडी नावाची दुसरी अवस्थाही असते. ती वेगळी ओळखली गेली नाही तर तिच्यावरची मदतही मिळत नाही. पालक दोन-दोन वर्षं स्पीच थेरपीला ये-जा करत राहतात आणि ‘फरक का पडत नाही’ म्हणून थकतात. लेकरू दोन मिनिटंही समोर बसत नसेल तर थेरपी देणाऱ्या मॅडम तरी काय करणार?

आम्ही पेशाने शिक्षक आहोत, डॉक्टर नाही. निदान करणं आमचं काम नाही. पण डॉक्टर निदान करतात तेव्हा शिक्षकाचं म्हणणं लेखी मागवतात, आणि आई-वडील हसनाबादहून निघतात तेव्हा बऱ्याचदा ‘सर, तिथं जाऊन काय सांगायचं?’ असं आधी आम्हालाच विचारतात. म्हणून आमच्या बाजूने जेवढं सांगता येतं तेवढं इथे लिहितो आहोत.

एडीएचडी म्हणजे काय

मराठीत याला अवधान-कमतरता आणि अतिचंचलता म्हणतात. बोलताना मात्र सगळे एडीएचडीच म्हणतात, आम्हीही तेच म्हणू. यात दोन गट आहेत. पहिला गट लक्ष न टिकण्याचा: काम अर्धवट सोडणं, वस्तू हरवणं, सांगितलेलं विसरणं, छोट्याशा गोष्टीने लक्ष उडणं. दुसरा गट चंचलतेचा आणि उतावळेपणाचा: सतत हातपाय हलवणं, जागेवरून उठणं, आपली पाळी येईपर्यंत न थांबणं, विचार न करता रस्त्यावर धावणं. डॉक्टर वापरतात त्या यादीत प्रत्येक गटात नऊ लक्षणं आहेत. लहान मुलांमध्ये एखाद्या गटातली निदान सहा लक्षणं सहा महिन्यांहून जास्त काळ दिसली पाहिजेत. ती बारा वर्षांच्या आधी सुरू झालेली असली पाहिजेत, घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसली पाहिजेत आणि त्यामुळे लेकराचं खरोखर अडत असलं पाहिजे. नुसतं घरी मस्ती करतो म्हणून एडीएचडी होत नाही.

एक गोष्ट विसरली जाते. चंचलता नसतानाही एडीएचडी असू शकतो. खिडकीबाहेर बघत शांत बसणारी मुलगी कोणाला त्रास देत नाही, म्हणून तिच्याकडे कोणाचं लक्षही जात नाही. ऑटिझम असलेल्या मुलींच्या बाबतीत तर हे हमखास होतं. ‘गरीब आहे बिचारी’ असं म्हणून आम्ही शिक्षक पुढच्या बाकाकडे वळतो.

पूर्वी डॉक्टर ‘नाही’ का म्हणायचे

काही पालकांना अजूनही असं सांगितलं जातं की ऑटिझमचं निदान झालं असेल तर एडीएचडीचं निदान देता येत नाही. ही मनाने बनवलेली गोष्ट नाही, तो एकेकाळचा नियम होता. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेची ‘डीएसएम’ ही निदानाची पुस्तिका जगभर वापरली जाते. १९९४ साली आलेल्या तिच्या चौथ्या आवृत्तीत अट होती की लक्षणं ऑटिझमच्या गटातल्या आजारात दिसत असतील तर एडीएचडी वेगळा लावायचा नाही. मे २०१३ मध्ये पाचवी आवृत्ती आली आणि ही अट काढून टाकली गेली. जागतिक आरोग्य संघटनेची ‘आयसीडी-११’ ही यादी जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्या यादीतही दोन्ही निदानं एकाच लेकराला देता येतात.

म्हणजे हा बदल फार जुना नाही. ज्यांचं शिक्षण जुन्या पुस्तकांवर झालं त्यांच्या तोंडी जुना नियम येऊ शकतो. भांडायची गरज नाही. ‘डॉक्टरसाहेब, आता दोन्ही निदानं सोबत देता येतात असं वाचलंय, आमच्या लेकराचं तेवढं बघाल का?’ एवढं अदबीने विचारलं तरी पुरतं.

अशी लेकरं किती? २०१९ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’ या नियतकालिकात आधीचे अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला आकडा आला. ऑटिझम असलेल्यांपैकी सुमारे २८ टक्के जणांना एडीएचडी होता. आपल्याकडचाही एक अभ्यास आहे. देशातल्या पाच ठिकाणच्या २ ते ९ वर्षांच्या मुलांची तपासणी करून तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्या पाचांत आपल्या शेजारचं उत्तर गोवाही होतं. ज्यांच्या मेंदूच्या वाढीत काही अडचण सापडली, त्यांच्यातल्या साधारण पाचातल्या एकाला एकापेक्षा जास्त अडचणी होत्या. तुमच्या लेकराच्या बाबतीत तसं असेल तर ते जगावेगळं नाही.

वागणं एक, कारणं दोन

हे कळलं की अर्धं काम होतं, म्हणून जरा सावकाश सांगतो.

मुलगा वर्गातून उठून बाहेर गेला. का गेला? शेजारच्या वर्गात पाढ्यांचा गलका सुरू झाला आणि तो कानांवर हात ठेवून बाहेर पडला, तर ते ऑटिझमकडे बोट दाखवतं, कारण आवाज त्याला सहन होत नाही. वर्ग शांत होता, हातात आवडीचं चित्र होतं आणि तरीही तो तीन मिनिटांत उठला, खिडकीपाशी गेला, परत आला, पुन्हा उठला, तर एडीएचडीचा विचार करावा लागतो.

हाक मारली, ओ दिली नाही. ऑटिझममध्ये हाकेला उत्तर द्यायचं असतं हेच त्याला सहज उमजत नाही. एडीएचडीमध्ये ते उमजतं, पण हाक कानावर आली तेव्हा मन भलतीकडे असतं. तिसऱ्यांदा खांद्याला हात लावला की तो दचकून ‘हां अम्मी’ म्हणतो.

रोजच्या क्रमाचं बघा. ऑटिझम असलेल्या लेकराला तोच ग्लास, तोच रस्ता, तीच जागा हवी असते. एडीएचडी असलेलं लेकरू त्याच त्या गोष्टीला लवकर कंटाळतं. मग दोन्ही असतील तर? त्याला सगळं जिथल्या तिथे हवं असतं, पण आपल्याच हाताने ते सगळं विस्कटतं आणि विस्कटलं म्हणून आकांत करतं. घरच्यांना वाटतं पोरगं मुद्दाम छळतंय. असं चित्र तुमच्या घरात रोजचं असेल तर डॉक्टरांना ते नक्की सांगा.

एक गैरसमज इथेच दूर करतो. ‘मोबाईलवर दोन तास हलत नाही, मग लक्ष नाही कसं म्हणायचं?’ असं दादा-दादी हमखास म्हणतात. मोबाईल दर काही सेकंदांना नवं चित्र, नवा आवाज देतो, त्यामुळे लक्ष टिकवण्याची मेहनत लेकराला करावीच लागत नाही. पंख्याकडे किंवा गाडीच्या चाकाकडे तासभर बघत बसणं हेही तसंच वेगळं आहे. लक्ष आहे की नाही हे न आवडणाऱ्या, रोजच्या कामात कळतं. चप्पल जोडीने ठेवणं, अर्धं पान लिहिणं, जेवण संपेपर्यंत दस्तरखानावर बसणं, ही त्याची कसोटी.

अजून एक बारीक मुद्दा. लेकराची बौद्धिक वाढ वयाच्या मागे असेल तर त्याच्या लक्षाची तुलना त्याच्या वयाच्या मुलांशी करून चालत नाही. नऊ वर्षांच्या मुलाची समज चार वर्षांच्या मुलाएवढी असेल तर त्याने चार वर्षांच्या मुलाएवढंच बसावं अशी अपेक्षा रास्त आहे. म्हणून चांगले डॉक्टर एडीएचडीचं बोलण्याआधी बुद्धिमापन किंवा विकासाची चाचणी झाली आहे का हे विचारतात. झाली असेल तर तो अहवाल सोबत न्या.

ऑटिझमच्या कागदात हे येत नाही का?

आपल्याकडे ऑटिझमचं दिव्यांग प्रमाणपत्र देताना ‘आयएसएए’ नावाची भारतीय चाचणी वापरतात. त्यात ४० प्रश्न असतात, प्रत्येकाला १ ते ५ गुण, म्हणजे एकूण ४० ते २००. सत्तरच्या खाली ऑटिझम धरत नाहीत, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम आणि १५३ च्या वर तीव्र. या चाळीस प्रश्नांत एक चंचलता-अस्वस्थतेबद्दल आहे आणि एक लक्ष कमी-जास्त होण्याबद्दल. त्यामुळे बऱ्याच पालकांना वाटतं की तेही तपासून झालं. तसं नाही. ते दोन प्रश्न ऑटिझम किती आहे हे मोजायच्या बेरजेत जातात, एडीएचडी आहे की नाही हे ठरवत नाहीत. पण तुमच्याकडे त्या चाचणीचा पूर्ण कागद असेल तर तेवढे दोन प्रश्न शोधा. तिथे ४ किंवा ५ गुण असतील तर पुढची तपासणी मागायला ते चांगलं निमित्त आहे.

आपल्या लेकरांचं तिसरं ठिकाण

किमान दोन ठिकाणी लक्षणं दिसली पाहिजेत असं वर लिहिलं. डॉक्टर घर आणि शाळा धरतात. आपल्या घरांतली बरीच लेकरं सकाळी किंवा असरनंतर मकतबलाही जातात, आणि ही गोष्ट डॉक्टरांना कोणी सांगतच नाही. मकतबमधलं वातावरण शाळेपेक्षा वेगळं असतं. जमिनीवर बसायचं, सगळ्यांनी मोठ्याने आपापला सबक म्हणायचा, एकेकाने हाफिजसाहेबांसमोर जायचं. ऑटिझम असलेलं एखादं लेकरू पाठांतरात सगळ्यांच्या पुढे असतं, पण आपली पाळी येईपर्यंत बसू शकत नाही. दुसरं एखादं त्या एकसुरी गजरात उलट शांत होतं. दोन्ही माहिती डॉक्टरांच्या फार कामाची आहे.

म्हणून हाफिजसाहेबांकडे, आलिमा आपांकडे जा आणि विचारा, किती वेळ बसतो, कशाने उठतो, सबक आठवतो का, दुसऱ्यांच्या मध्ये बोलतो का. ते उर्दूत दोन ओळी लिहून देतील, तुम्ही किंवा शाळेतले कोणी खाली मराठीत लिहा. लेकरू मार खात असेल तर तेही याच निमित्ताने बोलून टाका. शाळेत मारायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे. मकतबला तो कायदा लागू नसला तरी, ज्या लेकराला बसताच येत नाही त्याला बसत नाही म्हणून मारून काय साधणार, हे हाफिजसाहेबांना समजावून सांगितलं तर बहुतेक जण ऐकतात.

ओपीडीतली पाच मिनिटं

सरकारी ओपीडीत गर्दी असते. तुमच्या वाट्याला पाच-दहा मिनिटं येतील. तेवढ्यात ‘खूप त्रास देतो, ऐकतच नाही’ एवढंच सांगितलं तर डॉक्टरांच्या हाती काही लागत नाही, आणि ते ‘ऑटिझममध्ये असतं असं’ म्हणून कागद परत देतात. त्यांचाही इलाज नसतो.

जाण्याआधी दोन आठवडे एक वही ठेवा. रोज दोन-तीन ओळी पुरेत. काय झालं, त्याच्या आधी काय चाललं होतं आणि किती वेळ चाललं, एवढंच लिहायचं. नमुना म्हणून बघा: ‘मंगळवार, सकाळी ८. दात घासायला पाठवलं. चार वेळा सांगावं लागलं. ब्रश हातात घेऊन शेळीमागे पळाला. घरात गोंगाट नव्हता.’ किंवा ‘गुरुवार, संध्याकाळ. पाहुणे आले, कुकरची शिट्टी झाली, कान झाकून रडला, वीस मिनिटं.’ पहिली नोंद आणि दुसरी नोंद डॉक्टर वेगवेगळ्या वाचतात. लिहिता येत नसेल तर मोठ्या बहिणीकडून लिहून घ्या, पण सांगायचं आईनेच.

शिक्षकाकडून चिठ्ठी घेताना हेच धोरण ठेवा. ‘मस्तीखोर आहे, अभ्यासात लक्ष नाही’ असं आम्ही शिक्षक सवयीने लिहून टाकतो, आणि ते कोणत्याही मुलाला लागू होतं. त्यांना सांगा, सर, एका तासाचं मोजून लिहा. ‘पस्तीस मिनिटांच्या तासात सात वेळा उठला, त्यातल्या पाच वेळा वर्गात शांतता होती. फळ्यावरच्या पाच ओळींपैकी दीड ओळ लिहिली. अक्षर येतं. शेजारच्याची पेन्सिल न विचारता तीन वेळा घेतली.’ एवढी चिठ्ठी असली की डॉक्टर खुर्ची पुढे ओढून वाचतात. जमलं तर लेकराचे अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे दोन-तीन व्हिडिओही मोबाईलमध्ये ठेवा. आकांताचेच नकोत, साध्या वेळचेही हवेत.

रुग्णालयात प्रश्नावलीही भरून घेतात. ‘कधीच नाही, कधीकधी, बऱ्याचदा, नेहमी’ अशी उत्तरं असतात. इथे गडबड होते. नर्स घाईत वाचते आणि अम्मी प्रत्येकाला ‘हो, करतो’ म्हणते. किंवा उलट, सोबत आलेल्या सासूबाईंसमोर तिला संकोच वाटतो आणि ती सगळ्याला ‘नाही’ म्हणते. प्रत्येक प्रश्नाला मनात एकच तुलना करा, याच समजेची आपल्या खानदानातली, मोहल्ल्यातली इतर लेकरं हे जेवढं करतात त्याहून हा किती जास्त करतो? प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारा. घरी दखनी बोलणाऱ्या बाईला पुस्तकी मराठीतला ‘अवधान’ शब्द कळला नाही तर त्यात तिची काही चूक नाही.

आधी हे तपासून घ्या

लक्ष नसण्याची साधी कारणंही असतात. कानात मळ किंवा पाणी, कमी ऐकू येणं, नजर कमजोर असणं यांमुळे लेकरू बेलक्ष दिसतं. ऑटिझमच्या तपासणीच्या वेळी कान तपासले असतील, पण त्याला तीन-चार वर्षं झाली असतील तर पुन्हा तपासा. रात्री घोरतं का, तोंडाने श्वास घेतं का, हेही सांगा. झोप नीट झाली नाही तर मोठी माणसं पेंगतात, लेकरं उलट जास्त उड्या मारतात. रक्त कमी असेल, लोह कमी असेल तरी झोप अस्वस्थ होते. आणि लेकरू काही सेकंद टक लावून थांबतं, पापण्या फडफडतात, मग काहीच न झाल्यासारखं पुढे चालू होतं, असं दिसलं तर ते लगेच सांगा. तो फिटचा एक प्रकार असू शकतो आणि ऑटिझम असलेल्या मुलांमध्ये फिट येण्याचं प्रमाण जास्त असतं.

सुरम्याचंही बोलून घेऊ. आपल्याकडे लहान लेकरांच्या डोळ्यांत सुरमा घालतात. बाजारात मिळणाऱ्या अनेक सुरम्यांत शिसं सापडलेलं आहे, आणि शिसं लहान मुलांच्या मेंदूला, लक्षाला बाधतं हे पक्कं सिद्ध झालेलं आहे. सुरम्यामुळेच असं झालं असं आम्ही म्हणत नाही. पण घालत असाल तर डॉक्टरांना सांगा आणि तूर्त थांबवा.

रमजानच्या महिन्यात शक्यतो वही भरू नका, शाळेची प्रश्नावलीही भरून घेऊ नका. सहरीला घर जागं होतं, तरावीहपर्यंत घरात वर्दळ असते, लेकराने रोजा ठेवला नसला तरी त्याची झोप आणि जेवणाच्या वेळा बदलतात. त्या महिन्यातलं वागणं म्हणजे त्याचं रोजचं वागणं नव्हे. ईद झाल्यावर दोन-तीन आठवडे जाऊ द्या, मग सुरुवात करा.

दुआ करावी, दम करून घ्यावा, त्याला आमची ना नाही. आमिलाच्या सांगण्यावरून तपासणी वर्षभर पुढे ढकलली जाते आणि पैसाही जातो, याला मात्र आमची ना आहे.

जायचं कुठे

पहिला रस्ता शाळेतूनच जातो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ही योजना फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघरला सुरू झाली. तिचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं, १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासतं. तपासायच्या यादीत ऑटिझम आणि एडीएचडी अशा दोन वेगळ्या नोंदी आहेत, ही गोष्ट फार थोड्या शिक्षकांना माहीत आहे. पथक येईल त्या दिवशी लेकराला घरी ठेवू नका. ‘ऑटिझमचा कागद आहे, एडीएचडीसाठी संदर्भ चिठ्ठी द्या’ असं स्पष्ट सांगा. अशा मुलांसाठी जिल्हा पातळीवर ‘डीईआयसी’ म्हणजे लवकर मदत देणारी केंद्रं या योजनेत आहेत. आपल्यासाठी ते ठिकाण म्हणजे जालना. बालरोगतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ कोणत्या वारी भेटतात हे फोनवर विचारूनच गाडीत बसा. हजेरी बुडवून गेलेल्या बापाला ‘साहेब सोमवारी असतात’ हे ऐकायला लागू नये.

जालन्यात काम झालं नाही तर छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय. तिथे मानसोपचार आणि बालरोग असे दोन्ही विभाग आहेत. त्याहून खोलात जाऊन तपासणी हवी असेल तर सिकंदराबादची ‘एनआयईपीआयडी’ ही केंद्र सरकारची संस्था आहे. जालन्याहून सिकंदराबादला थेट रेल्वे आहे, आणि तिकडे उर्दू बोलणारे भरपूर असल्याने अम्मीला मनातलं सांगायला सोपं जातं. बेंगळुरूचं निम्हान्स मोठं आहे, पण लांब आहे. मुंबईत नातेवाईक असतील तर २००१ पासून काम करणारं ‘उम्मीद’ हे बालविकास केंद्रही आहे. आमचं मत विचाराल तर आधी जवळचं करा. एडीएचडीच्या निदानासाठी एमआरआय किंवा महागडी रक्ततपासणी लागत नाही. कोणी ‘मेंदूचा स्कॅन करून एडीएचडी सांगतो’ म्हटलं तर पाकीट खिशातच ठेवा. डॉक्टर दुसऱ्या कारणासाठी, म्हणजे फिटच्या शंकेने वगैरे, ईईजी सांगतील तर ती गोष्ट वेगळी.

कोणाशी बोलावं हेच कळत नसेल तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी, मोफत नंबर आहे.

निदान झालं, पुढे काय

सहा वर्षांखालच्या लेकराला सहसा आधी औषध देत नाहीत. आई-वडिलांना वागणूक हाताळायचं शिकवतात. एका वेळी एकच सूचना, कामाचे छोटे तुकडे, दिवसाचा क्रम चित्रांनी भिंतीवर, चांगलं केलं की तिथल्या तिथे शाबासकी. वर्गात पुढचा बाक, भिंतीकडची जागा, दर दहा मिनिटांनी उठायचं काहीतरी कायदेशीर काम. डस्टर आणायला पाठवलं तरी चालतं. हे सगळं मोठ्या मुलांनाही लागतंच.

औषधाची भीती सगळ्यांना वाटते. मिथाइलफेनिडेट हे यातलं मुख्य औषध. त्यावर कडक नियंत्रण आहे, प्रत्येक मेडिकलवर ते मिळत नाही आणि चिठ्ठीशिवाय तर नाहीच. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठरलेल्या मात्रेत घेतल्याने लेकराला नशेची सवय लागते असं दिसून आलेलं नाही. मात्र ऑटिझम असलेल्या मुलांत ते तितकं हमखास चालत नाही हे पालकांना माहीत असलं पाहिजे. २००५ मध्ये अमेरिकेत अशा ७२ मुलांवर अभ्यास झाला. साधारण निम्म्यांना, ४९ टक्क्यांना, फायदा झाला आणि १८ टक्क्यांना चिडचिड व इतर त्रासामुळे औषध बंद करावं लागलं. नुसता एडीएचडी असलेल्या मुलांत फायद्याचं प्रमाण यापेक्षा बरंच जास्त असतं. म्हणून डॉक्टर कमी मात्रेने सुरू करून हळूहळू वाढवतात. भूक कमी होते, झोप उशिरा लागते, म्हणून वजन, नाडी, रक्तदाब बघतात. पहिल्या आठवड्यात चिडचिड वाढली तर औषध फेकून देऊ नका आणि आपल्या मनाने वाढवूही नका, फोन करा. दुसरी औषधंही आहेत. आणि औषधाने ऑटिझम जाईल अशी आशा कोणी दाखवली तर विश्वास ठेवू नका. त्याचं काम लक्ष आणि उतावळेपणा यापुरतं आहे.

नवीन प्रमाणपत्र मिळेल म्हणून कोणी ही तपासणी करत असेल तर तेही स्पष्ट करतो. दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. म्हणजे यूडीआयडी कार्ड ऑटिझमवरच राहील. दहावी-बारावीत जादा वेळ, लेखनिक या सवलतीही त्याच कार्डावर मिळतील. निरामय आरोग्य विमा, ज्यात वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत खर्च मिळतो आणि थेरपीही बसते, तोही ऑटिझमच्या प्रमाणपत्रावर मिळतो. एडीएचडीचा कागद शाळेला दाखवायचा तो वेगळ्या कारणासाठी, वर्गात काय बदल करायचे हे ठरवण्यासाठी. भोकरदनच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचं काम बघणाऱ्या विशेष शिक्षकांना त्याची झेरॉक्स द्या आणि आमच्यासारख्या वर्गशिक्षकाशी त्यांचं एकदा बोलणं करून द्या.

उपचार सुरू झाल्यावर महिना-दीड महिन्याने डॉक्टर पुन्हा बोलावतात. त्या वेळी पहिल्यांदा ज्यांनी भरली होती त्याच शिक्षकांकडून, त्याच हाफिजसाहेबांकडून प्रश्नावली आणि चिठ्ठी पुन्हा घ्या. माणूस बदलला की मोजपट्टीच बदलते आणि फरक औषधाचा की लिहिणाऱ्याचा हे डॉक्टरांना कळत नाही. जुन्या चिठ्ठ्यांच्या झेरॉक्स, बुद्धिमापनाचा अहवाल, आयएसएएचा कागद आणि वही हे सगळं एकाच फाइलमध्ये ठेवा. मूळ कागद घरीच असू द्या.